सेंट ॲन ओलांडल्यावर: न्यू ऑर्लीन्सला पहिल्यांदा जाणाऱ्या गे प्रवाशासाठी

न्यू ऑर्लीन्सला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांचे मला वर्षातून तीन-चार तरी फोन येतात. कुणी ह्यूस्टनला नोकरीला, कुणी अटलांटात शिकायला, एखादा ठाण्याहून फिरायला आलेला. प्रश्न ठरलेला असतो: "तिथले चांगले गे बार कुठले?" मी उलट विचारतो, "कुठल्या वारी पोहोचतोयस?" शनिवार म्हणाला की मी म्हणतो, तिकीट बदलता येतंय का बघ.

हा माझा हट्ट आहे आणि त्याला कारण आहे. मी तिथून 80 मैलांवर बॅटन रूजला शिकायला होतो. पहिल्या पाच-सहा खेपा सगळ्या शनिवारच्याच. गर्दी, रेटारेटी, हातात गळका प्लास्टिकचा पेला, कानात दडे. तीन महिन्यांनीही मला तिथे एक माणूस नावाने ओळखत नव्हता. मग एकदा सेमिनार रद्द झाला म्हणून बुधवारी गेलो. बारमध्ये सहा माणसं. बारटेंडरने नाव विचारलं, ते नीट उच्चारायला दोनदा म्हणून घेतलं, आणि पुढच्या खेपेला मी दारातून आत आलो तर त्याने ते अचूक उच्चारलं. या गावातले गे बार म्हणजे आपल्याकडचे कट्टे आहेत. कट्ट्यावर जत्रेच्या दिवशी ओळख होत नाही. तेव्हा बुधवारी किंवा गुरुवारी पोहोचा आणि सोमवारी निघा. खाली सगळं त्याच क्रमाने सांगतो.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला उकाडा मुंबईच्या मे महिन्याला लाजवतो. अंघोळ करून बाहेर पडलात की कोपऱ्यापर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला. एक जून ते 30 नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. त्यातले ऑगस्ट आणि सप्टेंबर जास्त धोक्याचे, म्हणून त्या दिवसांत जाणार असाल तर पैसे परत मिळणारंच बुकिंग करा.

नेमकी याच दिवसांत गावातली सगळ्यात मोठी गे जत्रा असते: सदर्न डेकडन्स. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे, त्याच्या आधीचा शनिवार-रविवार धरून. 1972 साली ट्रेमे भागात राहणाऱ्या काही मित्रांनी गाव सोडून जाणाऱ्या एका दोस्तासाठी निरोपाची पार्टी ठेवली, पुढच्या वर्षी तीच मंडळी नटूनथटून रस्त्यावर आली, आणि बघता बघता त्याची मिरवणूक झाली. आजही रविवारची मिरवणूक रॉयल स्ट्रीटवरच्या गोल्डन लँटर्न नावाच्या छोट्याशा बारपासून निघते. 2005 मध्ये कॅटरिना वादळ 29 ऑगस्टला धडकलं, 2021 मध्ये आयडाही बरोबर 29 ऑगस्टलाच. दोन्ही वर्षी डेकडन्स वाहून गेलं. म्हणजे पैसे परत मिळण्याचा मुद्दा मी उगाच काढत नाहीये.

मार्डी ग्रा, म्हणजे इथला कार्निव्हल, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतं. तारीख ईस्टरवर ठरते, ईस्टरच्या 47 दिवस आधीचा मंगळवार. 2027 मध्ये तो 9 फेब्रुवारीला आहे. त्या दुपारी बर्बन स्ट्रीटवर गे पोशाखांची स्पर्धा भरते. वर्षभर शिवलेले पिसांचे, आरशांचे, माणसाच्या दुप्पट उंचीचे पोशाख असतात. आपल्या गणपतीच्या आराशीवर जसं मंडळं जीव टाकतात तसंच हे. गे 'क्रू' म्हणजे मार्डी ग्राची मंडळंच म्हणा, 1958 पासून आहेत. त्यातल्या पहिल्या, युगा नावाच्या क्रूच्या नाचावर 1962 मध्ये पोलिसांनी धाड घातली होती. हे सगळं जरूर बघा, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला. पहिल्यांदाच गेलात तर खोलीचं भाडं तिप्पट द्याल आणि दिसेल फक्त समोरच्याची पाठ.

पोहोचणं, राहणं

गाव मोठं नाही. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 3 लाख 84 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा कमीच. अटलांटाहून 'क्रेसेंट' ही ट्रेन थेट येते. वेळ असेल तर मी तीच सुचवेन. विमानतळावरून फ्रेंच क्वार्टरपर्यंत, म्हणजे गावाच्या जुन्या भागापर्यंत, टॅक्सीचा दर ठरलेला असतो. मी शेवटचा गेलो तेव्हा दोघांपर्यंत 36 डॉलर होता. बसण्याआधी विचारून घ्या. टॅक्सीवाल्याला रस्त्यांची नावं इथल्या उच्चारांत सांगावी लागतात. तुमचं फ्रेंच कितीही चांगलं असो, ते पर्समध्ये ठेवा. 'चार्टर्स' म्हणा, 'शार्त्र' नाही. 'बर्गंडी'त जोर मधल्या 'गन'वर. डॉफिन, डूमेन, आयबरव्हिल.

राहायचं फ्रेंच क्वार्टरमध्ये किंवा त्याला लागून असलेल्या मॅरिनी भागात. क्वार्टरच्या बहुतेक भागात घरगुती, अल्पमुदतीच्या खोल्या भाड्याने द्यायला शहराची बंदी आहे. कुणी ऑनलाइन 'बर्बनला लागून फ्लॅट' म्हणून निम्म्या दरात दाखवत असेल तर पैसे पाठवू नका. जुनी गेस्टहाउसेस आहेत, आतल्या अंगणात कारंजं, केळीची झाडं, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या. थोडं महाग पडतं, पण रात्री तीनला चालत खोलीवर येता येतं आणि गाडीचा प्रश्नच उरत नाही. खोली घेताना "रस्त्याकडची नको, अंगणाकडची द्या" एवढं आठवणीने सांगा.

दोन पुरुषांनी एक पलंग मागितला म्हणून कुणी भुवया उंचावतील ही धास्ती सोडून द्या. लैंगिकतेवरून भेदभाव करायला या शहरात 1991 पासून वटहुकमाने मनाई आहे. लुइझियाना राज्याचा तसा कायदा मात्र नाही, हे गावाबाहेर गाडी घेऊन फिरायला निघालात तर लक्षात असू द्या.

कागदपत्रं आणि सुट्या नोटा

दारू पिण्याचं वय 21. पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या माणसालाही दारात ओळखपत्र विचारतात, रागावू नका. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आधार कार्ड चालत नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं ओळखपत्र चालतं, नाहीतर मूळ पासपोर्ट लागतो. पासपोर्ट असेल तर तो आतल्या खिशात, चेनवाल्या. फोनमधला फोटो दाखवून आत सोडतील ही आशा ठेवू नका.

एक-एक डॉलरच्या 40 नोटा काढून ठेवा. प्रत्येक पेयामागे बारटेंडरला एक-दोन डॉलर द्यायचेच. ही बक्षिशी नव्हे, त्याचा खरा पगार तोच आहे. पहिल्या पेयाला सढळ हाताने दिलंत तर रात्रभर तुमचा पेला रिकामा राहत नाही. ड्रॅगचा, म्हणजे पुरुषांनी नटूनथटून बायकांच्या वेशात केलेला, खेळ चालू असताना कलाकाराला नोट द्यायची ती हातात. नोट उभी धरा, ती स्वतः येऊन घेते. अंगाला हात लावायचा नाही. आणि नोटा उधळायच्या नाहीत. आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीतली सवय इथे वाईट दिसते.

पहिली संध्याकाळ

आता बुधवारची संध्याकाळ धरून चालू. कनाल स्ट्रीटपासून बर्बन स्ट्रीटवर चालायला लागा. घरांचे क्रमांक कनालपासून 100, 200, 300 असे चढत जातात, त्यामुळे हरवायला होत नाही. पहिले सात चौक पर्यटकांचे: निऑन, मण्यांच्या माळा, फुटपाथवरून तुम्हाला आत ओढणारे लोक. कुठेही थांबू नका. एखादा हसऱ्या चेहऱ्याचा माणूस म्हणेल, "तुम्ही हे बूट कुठून घेतलेत ते मी सांगतो, लावता पैज वीस डॉलरची?" हो म्हणालात की तो सांगणार, "बूट तुमच्या पायात, बर्बन स्ट्रीटवर." त्या इंग्रजी कोटीत 'घेतलेत' आणि 'आहेत' एकच होतात. पैसे गेले. हसून पुढे चला.

मग सेंट ॲनचा चौक येतो. इथे एकदम हवा बदलते, रंगीत झेंडे दिसायला लागतात. चौकात समोरासमोर दोन मोठे बार: 800 नंबरला ऑझ, 801 ला बर्बन पब, ज्याचा वरचा मजला परेड म्हणून ओळखला जातो. दोन्हीकडे नाच, दोन्हीकडे ड्रॅग, दोन्हीकडे रस्त्यावर झुकलेल्या बाल्कन्या. स्थानिक लोक या चौकाला 'लॅव्हेंडर लाइन' म्हणतात, जांभळी सीमारेषा. आठवड्याच्या मधल्या रात्री इथे शिरलात तरी चालेल, पण मी म्हणेन अजून एक चौक पुढे चला.

डूमेनच्या कोपऱ्यावर, 901 ला, कॅफे लफीट इन एक्झाइल. नावातला 'वनवास' खरा आहे. पूर्वी हा बार पुढच्याच 941 नंबरच्या, लफीटची लोहारशाळा म्हणून प्रसिद्ध असलेल्या जुनाट विटांच्या घरात होता. जागेचे मालक बदलले, गे गिऱ्हाईक नकोसं झालं, आणि 1953 मध्ये सगळी मंडळी बिऱ्हाड उचलून कोपऱ्यावर आली. तेव्हापासून तिथेच आहेत. देशातल्या सर्वांत जुन्या, अखंड चालू असलेल्या गे बारपैकी हा एक. आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा मिनिट लागतो. बारच्या लांब फळीवर टोकाचं स्टूल पकडा, मधलं नको. टोकाला बसणाऱ्याशी बारटेंडर गप्पा मारतो, मध्ये बसणाऱ्याला फक्त पेला देतो.

आणि हे विचारा: "तुमची सुट्टी असते तेव्हा तुम्ही कुठे पिता?" त्या एका प्रश्नावर माझी पुढची दहा वर्षं निघाली.

उत्तरात बहुधा डॉफिन स्ट्रीटवरचा गुड फ्रेंड्स येईल. मध्यमवयीन, गप्पिष्ट, शेजारपाजारचा बार. तिथे 'सेपरेटर' नावाचं कॉफीच्या चवीचं बर्फाळ पेय मिळतं. मिल्कशेक समजून दोन संपवू नका. नावाप्रमाणे ते डोकं धडापासून वेगळं करतं. चामड्याचे कपडे आणि दाढीवाले बाप्ये आवडत असतील तर इलीजन फील्ड्स रस्त्यावरचा फीनिक्स. बायकांसाठीची ठिकाणं फार तोकडी आहेत. वर सांगितलेल्या सगळ्या जागी त्यांचं स्वागत असतं, पण गर्दी पुरुषांचीच, हे आधी सांगितलेलं बरं.

शहरात बार बंद करायची सरकारी वेळच नाही, त्यामुळे "शेवटची ऑर्डर" ऐकू येत नाही. थांबायचं कधी ते तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि पुण्यामुंबईत वेळेच्या धाकाने उठायची सवय लागलेल्याला हे जड जातं. पेला घेऊन रस्त्यावर फिरायला परवानगी आहे, मात्र तो प्लास्टिकचा हवा. काच चालत नाही. निघताना बारटेंडर स्वतःच ओतून देतो, त्याला 'गो कप' म्हणतात. सिगारेट बाहेर, 2015 पासून बारमध्ये बंदी आहे.

इथे दिसण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फोनवर हा प्रश्न सगळे शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. एका मार्चमध्ये मी सेंट ॲनच्या बाल्कनीत उभा होतो. खाली चौकात आमच्या महाराष्ट्र मंडळातले काका-काकू, गळ्यात जांभळ्या-हिरव्या माळा, हातात नकाशा. मी मागे सरकेपर्यंत काकूंनी वर बघून जोरजोरात हात हलवला होता. दोन मिनिटांत दोघं जिना चढून वर. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राचा हात अजून माझ्या खांद्यावर. पडद्यावर एक ड्रॅग क्वीन. काकूंनी विचारलं, "अरे, इथे बाथरूम कुठे आहे?" त्या गेल्यावर काकांनी झेंड्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "जेवलास का?" तो विषय आजतागायत त्यापुढे गेलेला नाही.

माझं निभावलं, सगळ्यांचं निभावेल असं नाही. बर्बन स्ट्रीट हा सगळ्या जगाचा रस्ता आहे. घरी सांगितलेलं नसेल तर बाल्कनीऐवजी आत बसा, फोनमधलं टॅगिंग मंजुरीवर ठेवा, आणि बारचे फोटोग्राफर फिरत असतात त्यांना हाताने नको म्हणा. लगेच ऐकतात.

आयबरव्हिल आणि चार्टर्सचा कोपरा

गुरुवारी दुपारी, उतरलेल्या डोक्याने का होईना, क्वार्टरच्या कनालकडच्या टोकाला या. आयबरव्हिल आणि चार्टर्सच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अपस्टेअर्स लाउंज नावाचा बार होता. 24 जून 1973, रविवारची संध्याकाळ. जिन्यात कुणीतरी आग लावली. खिडक्यांना गज होते. 32 माणसं गेली. समलिंगी लोकांसाठी चाललेल्या एका छोट्या चर्चचे लोक त्या दिवशी तिथे जमलेले होते, त्यांचे पाद्रीही खिडकीच्या गजांत अडकून गेले. काही मृतदेह घरच्यांनी नेलेच नाहीत. शोकसभेला जागा द्यायला चर्च पुढे येईनात. खटला कुणावरच उभा राहिला नाही. शहराच्या कौन्सिलने त्या वेळच्या वागणुकीबद्दल माफी मागितली ती 2022 मध्ये.

वर बघू नका, खाली बघा. फुटपाथमध्ये एक फलक बसवलेला आहे, त्यावर नावं कोरली आहेत. दुपारी बाजूच्या हॉटेलांकडे जाणाऱ्या बॅगांची चाकं त्यावरून खडखडत जातात. मी गेलो होतो तेव्हा एका कोपऱ्याला कुणीतरी मार्डी ग्राची माळ ठेवली होती आणि तिच्या मण्यांचा रंग उन्हाने उडाला होता. दहा मिनिटं पुरतात. पण हे बघितल्यावर लफीटच्या खुर्चीवर बसलेला सत्तरीचा माणूस तुम्हाला वेगळा दिसतो. तो त्या उन्हाळ्यात या गावात होता का, हे विचारायचं धाडस होत नाही, पण तो कधीकधी आपणहून सांगतो.

पोट

शाकाहारी असाल तर कठीण आहे. लाल राजम्यासारख्या बिया आणि भात हा इथला सोमवारचा पदार्थ. वाचायला आपला राजमा-चावल, पण त्यात डुकराचं मांस असतंच. गंबो, जंबालाया, सगळ्यांत काही ना काही पोहत असतं. "मीट नाही ना?" असं विचारलं तर "नाही, नुसतं सॉसेज आहे" असं उत्तर मला खरोखर मिळालेलं आहे. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाची मात्र चंगळ. कालवं, खेकडे, कोळंबी, शिवाय तिखटाचं कौतुक असलेली माणसं.

रात्री दोनला लफीटच्या समोरच, 900 नंबरला, क्लोव्हर ग्रिल. 1939 पासूनचं चिमुकलं जेवणघर. तव्यावर बर्गर टाकून त्यावर गाडीच्या चाकाचं झाकण पालथं घालतात, वाफेवर शिजावा म्हणून. आपण भाकरीवर ताटली ठेवतो तसंच. वेटर तुमची टिंगल करेल, ती आपलेपणाची असते. मांस नको असेल तर वाफल आणि बटाट्याचे हॅश ब्राउन्स. सकाळी नदीकडे कॅफे द्यू माँदला, 1862 पासून चालू आहे. तीन बेन्ये, म्हणजे पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले गोड तुकडे, आणि चिकोरीची कॉफी. काळा शर्ट घालून जाऊ नका आणि पिठीसाखरेच्या ढिगासमोर श्वास सोडू नका.

काय करायचं नाही

व्हिसावर असाल तर हे दोनदा वाचा. दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलात तर खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. गांजाचंही तेच. राज्याने थोड्या साठ्यासाठी शिक्षा सौम्य केली असेल, केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे. मण्यांच्या माळांसाठी कपडे उतरवण्याची मौज फक्त गोष्टींत चालते, पोलीस पकडतात. तुमच्या अमेरिकन मित्राला दंड भरून घरी जाता येईल, तुम्हाला वकील शोधावा लागेल.

रात्री एकटे असाल तर बर्बन आणि रॉयल सोडून अंधाऱ्या गल्ल्यांनी चालू नका, विशेषतः रॅम्पार्ट स्ट्रीटच्या पलीकडे. चार चौकांसाठीही टॅक्सी बोलवा. पेला नजरेआड ठेवू नका. ॲपवरून कुणाला भेटायचं तर आधी बारमध्ये. खरा असेल तर येतो. 1 जानेवारी 2025 च्या पहाटे बर्बनवर गर्दीत ट्रक घुसवून 14 जणांना मारलं गेलं. तेव्हापासून अडथळे आणि पोलीस जास्त आहेत, झडतीला वेळ लागतो.

एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध, म्हणजे प्रेप, घेत असाल तर गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. काही गडबड झालीच तर पेपचा, म्हणजे संसर्ग टाळायला नंतर घ्यायच्या औषधांचा, कोर्स 72 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि जितका लवकर तितका चांगला. क्रेसेंटकेअर हे इथलं दवाखान्यांचं जाळं 1983 मध्ये एड्सच्या काळात स्वयंसेवकांनी उभं केलं. तिथे तुम्हाला काहीही विचारायला लाज वाटणार नाही. भारतातून पाहुणे म्हणून आला असाल तर प्रवासाचा आरोग्यविमा मात्र हवाच.

क्वार्टरच्या बाहेर

शुक्रवारी मॅरिनीत फ्रेंचमन स्ट्रीटवर जॅझ ऐका. शेजारच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत एड्सने गेलेल्यांचं स्मारक आहे, काचेत घडवलेले चेहरे, संध्याकाळच्या उन्हात बघण्यासारखे. सेंट क्लॉडवरच्या ऑलवेज लाउंजमध्ये कॅबरे, बर्लेस्क आणि असं बरंच काही होतं ज्याला मराठीत नाव नाही. तमाशाच्या जवळचं म्हणता येईल, सवाल-जवाब सोडून. शनिवारी बायवॉटरमधल्या कंट्री क्लबात ड्रॅग ब्रंच, पण आधी जागा राखून. एक दुपार सेंट चार्ल्सच्या हिरव्या स्ट्रीटकारला द्या. 1835 पासूनची लाइन आहे, सवा डॉलरात अर्धं गाव दिसतं.

एक शब्द शिकून ठेवा: लॅन्याप. गिऱ्हाइकाला वर दिलेलं थोडंसं जास्तीचं. भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकते ते. चार रात्री त्याच स्टुलावर बसलात तर पेल्यात अर्धा बोट जास्त पडतं आणि बारटेंडर हा शब्द म्हणतो.

रविवारी संध्याकाळी लफीटला परत या. जुनं डिस्को लागतं आणि एका ठरावीक गाण्याला बारभरचे लोक कागदी नॅपकिनांचे गठ्ठेच्या गठ्ठे हवेत उडवतात. बारवरचा गठ्ठा तुमच्याही हातात कुणीतरी कोंबेल, तेव्हा सुरुवात कधी करायची ते शेजाऱ्याकडे बघून ठरवा. घाई केलीत तर एकटेच उडवाल, मी उडवले होते. सोमवारचं विमान दुपारनंतरचं घ्या. आणि घरी पोहोचल्यावर जीन्स धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे करून बघा. ओल्या नॅपकिनचा लगदा मशिनच्या जाळीतून काढायला फार वेळ लागतो.